पहिली प्रत कशाला म्हणायचे? वापरलेल्या ६४ तिकिटांच्या एका लॉटचे परीक्षण

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी वापरलेल्या भारतीय टपाल तिकिटांचा एक लॉट घरपोच मागवला. व्हिक्टोरिया राणीच्या १८८२ नंतरच्या मालिकेपासून १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेपर्यंतची एकूण ६४ तिकिटे त्यात होती. विक्रेत्याने ती स्वतःच तीन प्रतींत, म्हणजे दर्जांत, विभागली होती आणि तिकीट कोणतेही असो, भाव प्रतीवर ठरवला होता: पहिल्या प्रतीची २४ तिकिटे प्रत्येकी ६० रुपयांना, दुसऱ्या प्रतीची २८ प्रत्येकी ३० रुपयांना आणि तिसऱ्या प्रतीची १२ प्रत्येकी १० रुपयांना. एकूण २,४०० रुपये झाले आणि टपालखर्च त्याने सोसला. विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या सवयीबद्दल मला लिहायचे आहे ती काही त्याच्या एकट्याची नाही. मुंबईच्या फोर्टातील फुटपाथवरच्या डब्यांपासून लिलावांच्या गुळगुळीत कागदावरील याद्यांपर्यंत ती सगळीकडे आढळते. भावच प्रतीवर ठरलेला असल्यामुळे प्रत ठरवण्यात विक्रेता किती चोख आहे, हेच या खरेदीत पाहण्यासारखे होते.

आधी बांधणीविषयी, कारण तिथे नाव ठेवायला जागा नाही. प्रत्येक तिकीट वेगळ्या ग्लासीनच्या (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागदाच्या) पाकिटात होते, पाकिटे दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये होती आणि पुठ्ठ्यांना चिकटपट्टी लावताना ती पाकिटांना कुठेही लागणार नाही याची काळजी घेतलेली होती. आत ओल शोषून घेणारी पुडीसुद्धा होती. पावसाळ्यात तिकिटे पाठवताना एवढा विचार करणारे विक्रेते मला फार भेटलेले नाहीत. सोबत एक छापील चिठ्ठी होती आणि तिच्यात प्रतींचा खुलासा होता: पहिली प्रत म्हणजे ‘शिक्का हलका, तिकीट स्वच्छ’, दुसरी म्हणजे ‘शिक्का जड किंवा किरकोळ दोष’, तिसरी म्हणजे ‘दोष स्पष्ट, जागा भरण्यापुरते’. या चिठ्ठीतच पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे मूळ आहे. तीनही व्याख्या वाचल्यावर लक्षात येते की त्यांतली प्रत्येक गोष्ट तिकिटाच्या दर्शनी बाजूवरून ठरणारी आहे, आणि पहिल्या दोन प्रतींमधील फरक तर मुख्यतः शिक्क्याच्या शाईवरच बेतलेला आहे.

माझी पद्धत उलटी आहे. मी तिकीट पाकिटातून चिमट्याने काढतो आणि आधी पालथे घालतो. काळ्या रंगाच्या उथळ ताटलीत पालथ्या तिकिटावर पेट्रोलच्या लायटरमध्ये भरतात त्या इंधनाचे दोन थेंब टाकले की कागद काही सेकंदांपुरता जवळजवळ पारदर्शक होतो. (खिडकी उघडी आणि घरातला गॅस बंद, हे सांगण्याची गरज पडू नये.) कागद जिथे खरवडला गेलेला असतो तिथे काळा डाग उमटतो, घडी पडलेली असेल तर काळी रेघ दिसते आणि जोडकाम केलेले असेल तर त्याची कडा वेगळी उठून दिसते. जलचिन्हही (कागदातच उमटवलेली खूण) याच वेळी दिसते, पण त्याचा उपयोग तिकीट ओळखण्यासाठी, प्रत ठरवण्यासाठी नव्हे. त्यानंतर भिंगाखाली चारही बाजूंचे दाते, मग चित्र चौकटीच्या मध्यावर बसले आहे की नाही ते, मग रंग, आणि सर्वांत शेवटी शिक्का. शिक्का शेवटी पाहण्याचे कारण एवढेच की तो आधी पाहिला तर मन त्याच्यावरच बसते आणि बाकीचे दोष डोळे आपोआप माफ करतात.

पहिल्या प्रतीच्या २४ तिकिटांपैकी १५ तिकिटे या कसाला उतरली, आणि ती खरोखर पहिल्या प्रतीची आहेत हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. त्यांतले १९३५ च्या रौप्यमहोत्सवी मालिकेतील अर्ध्या आण्याचे तिकीट, ज्यावर मुंबईच्या ‘गेटवे ऑफ इंडिया’चे चित्र आहे, इतके नीट बसलेले आहे की चारही बाजूंचे पांढरे काठ पट्टीने मोजले तरी फरक सापडू नये, शिक्का उजव्या खालच्या कोपऱ्यात, राजाच्या चेहऱ्यापासून दूर. हे तिकीट अतिशय स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे आहे, तरीही असे नमुने शोधू गेले की सापडत नाहीत, हे ज्यांनी शोधले आहेत त्यांना ठाऊक आहे.

उरलेल्या नऊ तिकिटांपैकी चार मागून पातळ झालेली निघाली. सर्वांत चांगले दिसणारे तिकीटच त्यांत निघावे, हा या छंदातला नेहमीचा अनुभव आहे. १९३७ च्या सहाव्या जॉर्जच्या मालिकेत टपालाची वाहने दाखवली आहेत: हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटारलॉरी आणि शेवटी १२ आण्यांवर विमान. हे विमानाचे तिकीट मला पाकिटातच आवडले होते. गर्द लाखी रंग, दाते पूर्ण, शिक्क्याची एक बारीक कमान फक्त वरच्या काठाला लागलेली. पालथे करून थेंब टाकला आणि विमानाच्या पंखाखाली ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका उमटला. त्याच्या बाजूला दुसरा, थोडा लांबट. पूर्वीच्या कुणा संग्राहकाने ते हिंज (डिंक लावलेली कागदी पट्टी) लावून अल्बममध्ये डकवले असणार आणि पुढे हिंज पूर्ण सुकण्यापूर्वी ओढून काढले असणार. हिंजबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा निघून येतो आणि तिकिटाच्या दर्शनी बाजूवर त्याची काडीइतकीही खूण राहत नाही. असे तिकीट अल्बममध्ये ठेवायला मला काहीच अडचण नाही, पण ते ६० रुपयांच्या रांगेत नव्हे, १० रुपयांच्या रांगेत बसायला हवे.

पाचवे तिकीट अधिक गंभीर होते. पंचम जॉर्जचे एक रुपयाचे दुरंगी तिकीट, शिक्का अस्पष्ट पण गोल, तारखेचे आकडे न लागणारे. शिक्क्याची शाई जरा जास्तच काळी आणि ताजी वाटली म्हणून मी ते अतिनील दिव्याखाली धरले. राजाच्या खांद्यावरून खालच्या चौकटीपर्यंत एक वेलांटीदार रेघ करड्या रंगात उभी राहिली: कुणाच्या तरी सहीचा शेवटचा फराटा. म्हणजे हे तिकीट मुळात पेनने रद्द केलेले होते. पेनची शाई रसायनाने धुऊन काढली गेली आणि तो भाग झाकण्यासाठी वरून शिक्का मारला गेला. लोहयुक्त जुन्या शाईचा अंश कागदाच्या तंतूंत राहतो आणि साध्या उजेडात दिसला नाही तरी अतिनील प्रकाशात तो काळवंडून दिसतो. पेनने रद्द झालेली तिकिटे भारतात विपुल आहेत; १९०६ पासून अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर टपाल आणि महसूल असे दोन्ही उपयोग छापले जाऊ लागले, आणि पावतीवर एक आण्याचे तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही करण्याची पद्धत तर आपल्या आजोबांच्या वह्यांत जागोजागी दिसते. तशा तिकिटाला कमी भाव असतो, पण ते प्रामाणिक असते. धुतलेले तिकीट हा दोष नव्हे, ती फसवणूक आहे. ती या विक्रेत्याची नव्हे, बहुधा काही दशकांपूर्वीच्या कुणाची तरी, पण तपासणी न करता पुढे ढकलण्याची जबाबदारी त्याची आहे. ही भीती सरकारांनाही होतीच. लंडनच्या ज्या डी ला रू कंपनीने आपली बहुतेक जुनी तिकिटे छापली, तिनेच ब्रिटनसाठी १८८३-८४ मध्ये फिकट जांभळ्या आणि हिरव्या रंगांची मालिका पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापली, ती शिक्का किंवा सही धुणाऱ्याला तिकीटच गमवावे लागावे म्हणून. त्याचा उलटा परिणाम असा की आज त्या मालिकेची तिकिटे निष्काळजीपणे भिजवणारा निरपराध संग्राहकही रंग घालवून बसतो.

सहावे तिकीट व्हिक्टोरियाचे ८ आण्यांचे, जांभळट. माझ्याकडे हेच तिकीट लिफाफ्याच्या तुकड्यावर आहे आणि ते कित्येक वर्षे अंधारात राहिलेले आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यावर लॉटमधले तिकीट जांभळे नसून राखाडी वाटू लागले. उन्हात किंवा दुकानाच्या काचेमागे राहिलेले असावे. रंग उडालेले तिकीट एकटे पाहिले तर ओळखू येत नाही, ‘छटा’ म्हणून खपून जाते. म्हणून प्रत्येक संग्राहकाने किमान काही तिकिटांचे मूळ रंगाचे नमुने लिफाफ्यासकट जपून ठेवावेत असे मला वाटते. उरलेल्या तिघांपैकी दोघांचा एकेक कोपऱ्याचा दात खुंटलेला होता आणि एकाचे चित्र इतके डावीकडे सरकलेले होते की छिद्रांनी चौकट कापली होती. कोपऱ्याचा दात हा तसा लहान दोष आहे. कॅटलॉगात १४ परफोरेशन लिहिलेले असते त्याचा अर्थ दोन सेंटिमीटरमध्ये १४ छिद्रे असा असतो. म्हणजे एकेक दात दीड मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा. पण तो नाही हे डोळ्याला लगेच खुपते. या तिघांना मी दुसऱ्या प्रतीत ठेवले, आधीच्या सहांना तिसऱ्या.

आता दुसऱ्या प्रतीकडे, कारण या लॉटमधली खरी मौज तिथे होती. २८ पैकी १९ तिकिटांबाबत माझे आणि विक्रेत्याचे एकमत आहे. चार तिकिटे मी खाली ढकलली. त्यांतल्या एकाला फक्त इंधनाच्या थेंबाखालीच दिसणारी आडवी घडी होती आणि तिघांच्या दात्यांच्या टोकांवर तपकिरी ठिपके होते. हे टोनिंग म्हणजे आपल्या हवेची देणगी आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात ज्यांनी अल्बम लोखंडी कपाटात बंद ठेवून चार पावसाळे काढले आहेत त्यांना याविषयी वेगळे सांगायला नको. पाठीवरच्या डिंकाला बुरशी लागते, डाग दात्यांपासून आत सरकतो आणि एका तिकिटावरून शेजारच्या तिकिटावर जातो. क्लोरामीन-टीच्या सौम्य द्रावणाने डाग फिके करणारे लोक आहेत. मी ते करत नाही, कारण डाग जातो तेव्हा कागदाची मूळची चमकही बऱ्याचदा सोबत जाते. दुसऱ्या प्रतीत अशी तिकिटे घालणे मला मान्य नाही. हा दोष वाढत जाणारा आहे.

आणि मग पाच तिकिटे अशी निघाली की त्यांना पाहून मी चिठ्ठी पुन्हा काढून वाचली आणि ती पाचही पहिल्या प्रतीत उचलली. त्यांतले एक वर उल्लेखलेल्या १९३७ च्या मालिकेतले २ आण्यांचे, शेंदरी रंगाचे, धावणाऱ्या डाक-हरकाऱ्याचे. या तिकिटाच्या बरोबर मध्यावर, राजाचा चेहरा आणि हरकारा दोघांनाही कवेत घेऊन, एक पूर्ण गोल शिक्का बसलेला आहे. वरच्या कमानीत ‘रत्नागिरी’ अशी इंग्रजी अक्षरे, मध्ये तारीख आणि १९४० हे साल. शाई काळी, पण कडा तीक्ष्ण. अक्षरांच्या पोटातून तिकिटाचा शेंदरी रंग स्वच्छ दिसतो. एकही दात तुटलेला नाही, मागचा कागद अखंड आहे. चिठ्ठीतील व्याख्येप्रमाणे हा ‘जड शिक्का’ ठरतो आणि म्हणून या तिकिटाचे ३० रुपये. पण वापरलेल्या तिकिटांचा जाणता संग्राहक नेमके हेच शोधत असतो. इंग्रजीत याला नाकावर बसलेला शिक्का असा गमतीचा शब्द आहे. टपालखात्याने हे तिकीट कोणत्या गावी, कोणत्या दिवशी कामाला लावले याचा दाखला त्या तिकिटावरच आहे. एका कोपऱ्यात बारीकशी कमान लागलेले तिकीट न वापरलेल्या तिकिटासारखे दिसते इतकेच. ते कुठून निघाले हे ते कधीच सांगू शकत नाही. न वापरलेल्याची हौस असेल तर सरळ मिंट तिकीट घ्यावे.

हलका शिक्का म्हणजे चांगला शिक्का, हा समज मुळात कुठून आला हे शोधायला जुन्या काळात जावे लागते. १ ऑक्टोबर १८५४ रोजी सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तिकिटे सुरू झाली तेव्हा तिकीट पुन्हा वापरता येऊ नये हा शिक्क्याचा एकमेव हेतू होता आणि तो काळ्या पट्ट्यांच्या अष्टकोनाने किंवा चौकटीने राणीचा चेहरा अक्षरशः पुसून साधला जाई. अशा शिक्क्यांच्या तुलनेत बारीक कमान लागलेले तिकीट सुंदर वाटणारच. पण त्या काळातही शिक्क्याची किंमत वेगळ्या अर्थाने होती: पट्ट्यांमध्ये १२४ हा आकडा असेल तर तिकीट दूर अरबस्तानातल्या एडन बंदराच्या टपाल कार्यालयात रद्द झालेले असते, आणि मग शिक्का जितका ठळक तितका संग्राहक खूश. शिवाय त्या पहिल्या तिकिटांना दातेच नव्हते. ती कात्रीने कापून वापरली जात, त्यामुळे तिथे प्रत ठरते ती चारही बाजूंना पुरेसा काठ आहे की नाही यावर. चार आण्यांचे दुरंगी तिकीट तर पुष्कळ कारकुनांनी आणि नंतरच्या हौशी लोकांनी आतल्या अष्टकोनी आकाराप्रमाणे कापून टाकले, आणि तसे कापलेले तिकीट कितीही स्वच्छ असले तरी चौकोनी काठ असलेल्या तिकिटाच्या पासंगालाही पुरत नाही. त्याही आधीच्या १८५२ च्या सिंध डाक तिकिटांपैकी लाल लाखेचे तर इतके ठिसूळ होते की तडा गेलेला नमुनासुद्धा लोक हात जोडून घेतात. त्या काळाचा नियम १९४० च्या तिकिटाला लावणे म्हणजे पेशवाईतल्या पगडीच्या मापाने आजची टोपी शिवण्यासारखे आहे. १९३७ नंतर नीट गोल शिक्का मिळणे शक्य होते, म्हणून तोच कस लावायला हवा.

याच पहिल्या प्रतीत एक उलटे उदाहरणही होते, त्याचा उल्लेख करायला हवा. गांधीजींची १५ ऑगस्ट १९४८ ची तिकिटे स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाजिए छापखान्यात फोटोग्रेव्ह्युअर पद्धतीने छापली गेली. त्यांतल्या साडेतीन आण्यांच्या तिकिटावर पहिल्याच दिवसाचा शिक्का आहे आणि मागचा डिंक अबाधित आहे. (त्या छपाईच्या तिकिटांवर इंधन टाकताना जरा जपून, काही फोटोग्रेव्ह्युअर शाया त्याने सैल होतात, मी हे तिकीट फक्त दिव्यासमोर धरून पाहिले.) डिंक शाबूत आणि शिक्का अगदी कोपऱ्यात, याचा अर्थ हे तिकीट कोणत्याही पत्रावरून गेलेले नाही, कुणीतरी टपालखिडकीवर विनंती करून शिक्का मारून घेतला. प्रत म्हणून ते पहिलेच आहे आणि मी ते खाली ढकललेले नाही. पण विक्रेत्याने ‘वापरलेले’ या शब्दापुढे ‘विनंतीवरून शिक्का’ एवढे लिहायला हवे होते. काहींना तसेच हवे असते, मला नको असते, आणि निवड करण्याचा हक्क गिऱ्हाइकाचा आहे.

तिसऱ्या प्रतीच्या १२ पैकी १० तिकिटे त्याच प्रतीची आहेत आणि त्यांविषयी बोलण्यासारखे काही नाही. दोन मी दुसऱ्या प्रतीत उचलली. एक अर्ध्या आण्याचे तिकीट, ज्यात बारीक भोकांनी कुणा व्यापारी पेढीची आद्याक्षरे पाडलेली आहेत. कार्यालयातली तिकिटे शिपायाने बाहेर विकू नयेत म्हणून मोठ्या पेढ्या अशी भोके पाडून घेत. जुन्या पिढीला ते फाटलेले तिकीट वाटे आणि ते फेकून दिले जाई. आज ही परफिन तिकिटे स्वतंत्रपणे जमवणारे लोक आहेत. दुसरे व्हिक्टोरियाचे ३ आण्यांचे केशरी तिकीट, ज्याच्या पाकिटावर ‘रंग काळवंडलेला’ असे लिहिले होते. तसे ते खरेच होते, चॉकलेटी झालेले. पण शिसे असलेल्या केशरी-तांबड्या रंगांचे हवेतल्या गंधकामुळे असे होते आणि ते बहुधा परतवता येते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवलेला कुंचला मी त्यावरून फिरवला, आणि काही मिनिटांत चॉकलेटी रंग मागे हटून खालचा केशरी वर आला. पेनची सही धुणाऱ्यावर मघाशी मी तोंडसुख घेतले, मग हे काय, असे कुणी विचारील. मला त्यातला फरक हेतूत दिसतो, पण हे तिकीट मी कधी विकले तर पाकिटावर पेरॉक्साइड लावल्याची नोंद असेल.

आता हिशेब. माझ्या मते पहिल्या प्रतीची २०, दुसऱ्या प्रतीची २४ आणि तिसऱ्या प्रतीची २० तिकिटे आहेत. विक्रेत्याच्याच दराने त्यांचे २,१२० रुपये होतात, म्हणजे मी २८० रुपये जास्त दिले. ही रक्कम मोठी नाही आणि ज्याला फक्त एकूण किमतीशी कर्तव्य आहे त्याने हा व्यवहार ठीक समजावा. पण चुका कशा घडल्या हे बघितले तर त्यांना एक शिस्त आहे. जिथे शिक्का हलका होता तिथे बाकी सगळे माफ झाले आणि जिथे शिक्का भरीव होता तिथे बाकी सगळे चांगले असूनही तिकीट खाली गेले. चिठ्ठीवर भावाच्या आधाराला ‘गिबन्सच्या निम्म्याने’ असेही लिहिलेले होते, त्याविषयीही एक शब्द. लंडनच्या स्टॅन्ली गिबन्सच्या कॅटलॉगातील वापरलेल्या तिकिटाचा भाव ‘फाइन’ प्रतीसाठी असतो आणि अमेरिकेच्या स्कॉट कॅटलॉगातला ‘व्हेरी फाइन’ प्रतीसाठी. दोन्हींत पातळ झालेल्या किंवा धुतलेल्या तिकिटाचा भाव दिलेला नसतो. त्यामुळे प्रत चुकली की त्याच्या निम्म्याने किंवा पाव भावाने या बोलण्याला अर्थ उरत नाही. गिबन्सच्या यादीतील सर्वांत लहान भाव तर जवळजवळ तिकीट काढून पाकिटात घालण्याच्या मेहनतीचाच असतो.

मी विक्रेत्याला तपशीलवार पत्र लिहिले, धुतलेल्या तिकिटाचे अतिनील प्रकाशातले छायाचित्रही पाठवले. त्याने दुसऱ्या दिवशी फोन केला. धुतलेले एक आणि पातळ चार, अशा पाच तिकिटांचे ३०० रुपये त्याने लगेच परत केले आणि तिकिटे परत मागितली नाहीत. एवढेच म्हणाला की त्या एक रुपयाच्या तिकिटावर पेन्सिलीने मागे खूण करा, म्हणजे ते पुन्हा बाजारात फिरणार नाही. ही त्याची बाजू मला फार आवडली. मात्र शिक्क्यांवरून आमचे जमले नाही. ‘काका, तुम्ही म्हणता ते खरं असेल,’ तो म्हणाला, ‘पण गिऱ्हाईक पाकीट बघून पहिलं काय विचारतं, तर मार्क कमी आहे ना? राजाचं तोंड दिसतंय ना? मागची बाजू बघून काय करायचंय, अल्बममध्ये पुढचीच दिसते.’ मी त्याला पहिल्या प्रतीच्या तिकिटांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठवत जा, असे सांगितले. ते तो करील असे वाटत नाही, कारण ६० रुपयांच्या तिकिटासाठी दोन छायाचित्रे काढणे त्याला परवडणारे नाही, आणि त्यात त्याचे चूक आहे असेही नाही.

त्यामुळे माझे मत असे: बांधणी, बोलणे आणि पैसे परत करण्याची वृत्ती या बाबतींत हा विक्रेता पहिल्या प्रतीचा, प्रत ठरवण्यात दुसऱ्या प्रतीचा. त्याच्याकडून पहिल्या प्रतीची तिकिटे मागची बाजू पाहिल्याशिवाय मी घेणार नाही. दुसऱ्या प्रतीची मात्र डोळे मिटून घेईन. फोन ठेवण्यापूर्वी मी त्याला विचारून ठेवले की जड शिक्क्याचे १९३७ चे हरकारे, टांगे आणि बैलगाड्या त्याच्याकडे आणखी किती आहेत. एक बूटबॉक्स भरून आहेत, आणि ते कुणी मागत नाही म्हणून मला आणखी पाच रुपयांनी कमी लावेन, असे तो म्हणाला.